ज्ञानेश्वर, सीता आणि बिऱ्हाडे

माझ्या लॅपटॉपवर मजकुराची एक साधी फाइल आहे. तिच्यात नावं आहेत, गावं आहेत, थोडे आकडे आणि तारखा आहेत. नवा फॉर्म बांधला, नवी पावती बसवली, कुणाचं तयार सॉफ्टवेअर जोडून घेतलं, की आधी ही यादी त्यातून फिरवायची. वेबच्या कामाला सतत नवी अवजारं येत असतात आणि त्यांतली बरीच मी वापरतोही. पण औशात बसून लातूरच्या आडत दुकानांचं, क्लासवाल्यांचं आणि खत-बियाणेवाल्यांचं काम करताना मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेलं अवजार हेच. ते कुठून उतरवून घेता येत नाही. ज्याचं त्यानं जमवायचं असतं.

यादीतलं पहिलं नाव ज्ञानेश्वर. एका आडतीत कुणीतरी आधी बसवून दिलेलं पावतीचं सॉफ्टवेअर होतं. नावासाठी आठ अक्षरांची जागा ठेवलेली. पावतीवर छापून आलं, 'ज्ञानेश्'. शेतकरी माणूस पावती हातात धरून म्हणाला, "मालक, निम्मं नाव कुठं गेलं?" त्याचं बरोबर होतं. आपण मोजू तर हे नाव चार अक्षरांचं: ज्ञा, ने, श्व, र. पण संगणकाला ते दहा खुणांचं दिसतं. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. आठाला कापलं की कात्री नेमकी 'श्'नंतर चालते. किल्लारी लिहा, तीन अक्षरांचं गाव आठ खुणांचं होतं, आणि यूटीएफ-८मध्ये साठवलं तर प्रत्येक खुणेला तीन याप्रमाणे चोवीस बाइट. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक खूण, त्यामुळे हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला कधी अडचण आलीच नसणार.

यावर आता ब्राउझरमध्येच सोय आहे. इंटल-सेगमेंटर नावाचं साधन मजकूर डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांत तोडून देतं. मात्र जुन्या ब्राउझरमध्ये ते जोडाक्षर हलन्तापाशी फोडतं. पूर्ण जोडाक्षर एकत्र धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली आला. आडतीतले फोन त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून मी कापतच नाही. नाव लांब असेल तर दुसऱ्या ओळीवर जाऊ द्यायचं, कागद थोडा जास्त लागतो एवढंच.

कागदावरून आठवलं. आडतीत हिशोबपट्टी छापायला खिशात मावेल असा ब्लूटूथ प्रिंटर असतो, ५८ मिलिमीटर रुंदीच्या गुळगुळीत कागदाचा. त्याच्या पोटात इंग्रजी अक्षरं असतात, बऱ्याचदा चिनीही असतात, देवनागरी नसते. मराठी मजकूर सरळ पाठवला तर प्रश्नचिन्हांची रांग येते. मग पट्टी आधी ब्राउझरमध्ये चित्र म्हणून काढायची आणि ठिपक्याठिपक्यानं प्रिंटरला द्यायची. छपाईच्या रुंदीला ठिपके ३८४, मिलिमीटरला आठ. यात खरी कसोटी लागते ती ओळींमधल्या अंतराची. इंग्रजीच्या हिशोबानं अंतर ठेवलं तर वरचा रफार आणि खालचा ऊकार छाटला जातो. 'सूर्यवंशी'चा 'सयवंशी' होतो. अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडं जास्त ठेवलं की सगळं बसतं. आणि अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडण्याचा जो एक शोभेचा प्रकार इंग्रजी संकेतस्थळांवर दिसतो, तो मराठीवर कधीही लावू नये. शिरोरेघ तुटते. लातूरला गंजगोलाईतल्या एका दुकानाचं पान मी तसं पाहिलं होतं, नावाची प्रत्येक वीट वेगळी.

यादीत त्यानंतर सीता आहे, आणि तिच्या शेजारी कमल. या दोघींची गोष्ट मला फार आवडते. क्लासच्या प्रवेशाचा एक फॉर्म होता. 'नाव फक्त अक्षरांत लिहा' अशी त्याची अट. लिहिणाऱ्यानं इतकी जाण दाखवली होती की इंग्रजी ए ते झेडवर न थांबता जगातल्या कुठल्याही लिपीचं अक्षर चालेल असा नियम घातला होता. तरी निम्म्या मुली अडकत होत्या. कमल पुढे जायची, नयन जायची, सीता अडायची. महादेव अडायचा. कारण युनिकोडच्या वर्गवारीत क, म, ल ही अक्षरं. पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरं नव्हेत, ती चिन्हं. नियमात अक्षरांच्या गटाला परवानगी होती, चिन्हांच्या गटाला नव्हती. काना-मात्रा नसलेल्याच नावांना प्रवेश! एक शब्द वाढवला आणि फॉर्म सुरू झाला. पण हे कळायला नियम वाचून उपयोग नव्हता, वाचताना तो बरोबरच वाटतो. यादीतली नावं एकेक घालून पाहिली तेव्हा कोण जातं आणि कोण अडतं यातून ते उलगडलं. हल्ली कोड लिहून देणारी एआयची साधनं आहेत, मीही वापरतो, पण नाव तपासायचा नियम मागितला की कित्येकदा ती हाच अर्धा नियम हातावर ठेवतात. यादी तिथंही लागते.

बिऱ्हाडे हे आडनाव यादीत दोनदा आहे. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात. एकात नुक्त्याचा ऱ आहे, त्याला हलन्त, मग ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडखूण. कुणाच्या कीबोर्डवरून पहिलं येतं, कुणाच्या दुसरं. आडतीत मुनीमजींनी एका फोनवरून नोंद केली, मालकांच्या मुलानं दुसऱ्या फोनवरून शोधलं, तर "असा शेतकरीच न्हाई" असं उत्तर. समोर वहीत नाव आहे, स्क्रीनवर नाही. युनिकोडमध्ये मजकूर एकसारखा करून घ्यायची जी ठरलेली रीत आहे, ती इथं चालत नाही. ऱ हा र आणि नुक्ता असा दोन खुणांत लिहिला असेल तर ती त्यांना एकत्र करते, पण अदृश्य जोडखुणेच्या वाटेला जात नाही. तेच ॲडव्होकेटच्या ॲचं. एकच खूण असलेला ॲ वेगळा आणि अवर चंद्र काढून केलेला वेगळा. लातुरात वकील काही कमी नाहीत, म्हणजे शोध चुकायला भरपूर वाव. म्हणून साठवताना नाव जसं लिहिलं तसंच ठेवायचं, पण शेजारी शोधासाठी त्याची एक घासून-पुसून सारखी केलेली प्रत ठेवायची. त्या घासण्याचे नियम मी हातानं लिहिले आहेत.

हे सगळं पाहायला जे साधन लागतं ते ब्राउझरमध्येच असतं, फक्त ते उघडायची सवय लागते. क्रोममध्ये एफ-१२ दाबलं की जी खिडकी उघडते, तिच्यात माझा दिवस जातो. शंका आली की दोन्ही बिऱ्हाडे तिथं टाकून त्यांचे खूणक्रमांक छापून घ्यायचे. फरक लगेच उघडा पडतो. आणि आडतीतला फोन यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडला की त्या फोनवरचं पान आपल्या खिडकीत जसंच्या तसं तपासता येतं. ही सोय बऱ्याच जणांना माहीत नसते. ते आपल्या चांगल्या फोनवर पाहतात, "माझ्याकडे तर चालतंय" म्हणतात आणि मोकळे होतात. मी केबल खिशातच ठेवतो. मालकाच्या काउंटरवर, चहा येईपर्यंत, त्यांच्याच फोनवर बघायचं. स्क्रीनची काच तडकलेली, जागा भरत आलेली, अक्षरं सेटिंगमधून मोठी केलेली. अक्षरं मोठी केली की माझं बटण स्क्रीनच्या बाहेर जातं, हे औशात माझ्या टेबलावर मला कधीच दिसलं नसतं.

नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करून पाहायची सोयही त्याच खिडकीत आहे. पण मोंढ्यात सोयाबीनच्या दिवसांत जे होतं ते कमी वेगापेक्षा वेगळं असतं. नेट असतं, जातं, परत येतं. लाईट गेली की दुकानातला वायफाय जातो, फोन स्वतःच्या नेटवर येतो, तेवढ्यात मुनीमजींनी 'जमा' दाबलेलं असतं. पट्टी गेली की नाही हे त्यांना कळत नाही, ते पुन्हा दाबतात. एकाच मालाच्या दोन पट्ट्या! यावर इलाज असा: पट्टी तयार होते त्याच क्षणी फोनवरच तिला एक लांबलचक, जगात दुसरा सापडणार नाही असा क्रमांक द्यायचा आणि ती फोनमध्येच साठवायची. नेट आलं की ती सर्व्हरकडे जाते. दहा वेळा गेली तरी तोच क्रमांक पाहून सर्व्हर तिला एकदाच घेतो. कागदावरचा पावती नंबर मात्र वेगळा ठेवावा लागतो, कारण "एफ-४-डी-९" असला नंबर घेऊन कुणी आडतीत भांडायला येऊ शकत नाही. दोन फोन एकाच वेळी नेटशिवाय चालत असतील तर एकाच्या नंबराआधी 'क' आणि दुसऱ्याच्या आधी 'ख'. मुनीमजींना ही सगळ्यात पटलेली गोष्ट, कारण त्यांच्या पावतीपुस्तकांना तशीच अक्षरं असायची.

आकड्यांचं काम सोपं वाटतं. २०२५-२६चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. मराठी कीबोर्डवरून कुणी ५३२८ असं लिहिलं तर जावास्क्रिप्ट त्याला आकडाच मानत नाही. फॉर्ममध्ये 'फक्त संख्या' अशी चौकट ठेवली तर ती देवनागरी अंक घेतच नाही, दाबत राहा. त्यामुळे चौकट साध्या मजकुराची ठेवायची, तिला फक्त अंकांचा कीबोर्ड उघडायला सांगायचं आणि आत आलेला देवनागरी अंक स्वतः बदलून घ्यायचा. शून्यापासून नऊपर्यंतचे दहाही अंक युनिकोडमध्ये ओळीनं बसलेले असल्यामुळे ती एका वजाबाकीची गोष्ट आहे. दाखवताना उलट. तिथं ब्राउझरमधल्याच इंटल या सोयीच्या मराठी मांडणीत ३,२४,५६० असा लाखाच्या स्वल्पविरामासह आकडा आयता मिळतो. जुनी मंडळी इंग्रजी अंक वाचतात, पण हमाली-तोलाई वजा होऊन खाली किती राहिले ते बघताना त्यांना आपले अंक बरे वाटतात.

तारखांनी मला जितकं कामाला लावलं तितकं कशानंच नाही. यादीत ५/६/२०२५ आहे आणि १३/६/२०२५ आहे. पहिली तारीख आपल्याला पाच जून, ब्राउझरला सहा मे. तो अमेरिकी पद्धतीनं महिना आधी वाचतो. आणि गंमत अशी की तो तक्रार करत नाही. महिन्याच्या बारा तारखेपर्यंत गुपचूप चुकीचं चालतं, तेराव्या दिवशी तेरावा महिना सापडत नाही म्हणून बंद पडतं. मग दुकानदार म्हणतो, "कालपरेंत तर चालू होतं की ओ." काल चालू नव्हतं, काल फक्त ओरडत नव्हतं.

दुसरा प्रकार आपल्यासारख्या देशांच्या वाट्याचा म्हणावा असा. जागतिक वेळेपेक्षा आपण साडेपाच तास पुढे. १५ ऑक्टोबरची तारीख निवडली की ती बऱ्याचदा १५च्या मध्यरात्री बाराची वेळ म्हणून धरली जाते. तीच सर्व्हरला पाठवताना जागतिक वेळेत बदलली की होते १४ ऑक्टोबर, संध्याकाळी साडेसहा. सर्व्हरनं फक्त तारीख उचलली तर पट्टी आदल्या दिवसाची. भाव रोज बदलतो तिथं एक दिवस म्हणजे क्विंटलमागे पैसे. हे अमेरिकेत बसून लिहिणाऱ्याला दिसत नाही, कारण तिथली मध्यरात्र जागतिक वेळेत त्याच तारखेची पहाट असते. तारीख म्हणजे फक्त तारीख असेल तर तिला वेळ चिकटवूच नये, वर्ष-महिना-दिवस असा साधा मजकूर करून पाठवावा, हा माझा आता ठरलेला नियम.

अशी एखादी भानगड कधीपासून सुरू झाली हे शोधायला गिट हे साधन आहे. लिनस टोरवाल्ड्सनं ते २००५ साली लिनक्सच्या कामासाठी केलं. बहुतेक जण त्याचा वापर कोड साठवायला आणि दुसऱ्याला द्यायला करतात. त्यातलं बायसेक्ट फार थोडे वापरतात. आपण सांगायचं की अमुक दिवशी ठीक होतं, आज बिघडलंय. ते मधोमधची आवृत्ती काढून देतं, आपण तपासून 'ठीक' किंवा 'बिघडलेलं' एवढंच म्हणायचं. पुन्हा निम्मं. शंभर बदलांतून बिघडवणारा एक बदल सात पायऱ्यांत सापडतो, हजारांतून दहांत. अट एकच, बदल लहान लहान करून ठेवलेले असले पाहिजेत. दिवसभराचं सगळं काम एका गठ्ठ्यात बांधून ठेवलं तर बायसेक्ट गठ्ठ्यावर बोट ठेवतं आणि पुढचं आपण बघायचं.

औशातलं वेगळं काम म्हणजे जुना मजकूर. एका ट्रस्टला त्यांच्या जुन्या स्मरणिका संकेतस्थळावर हव्या होत्या. मजकूर लातूरच्या डीटीपीवाल्यानं केव्हातरी टाइप केलेला, फाइली जपून ठेवलेल्या. उघडल्या तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच. तो काळच तसा होता. फाइलीत प्रत्यक्ष इंग्रजी खुणा असायच्या आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवायचा. फॉन्ट नसला की मराठी नाही. विंडोज २०००बरोबर युनिकोडचा 'मंगल' आला, तो र. कृ. जोशी यांनी घडवलेला. पण छापखान्यांची सवय पुढं बरीच वर्षं सुटली नाही, आणि छपाईपुरतं त्यांचं काही अडतही नव्हतं.

खुणा बदलायचा तक्ता करणं हे एका दुपारचं काम. अवघड आहे तो क्रम. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसतं त्या क्रमानं टाइप करायचे, म्हणजे 'किती'मधली पहिली वेलांटी आधी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, आधी क मग वेलांटी. तर वेलांटी एका अक्षरामागे सरकवा, असा नियम केला. 'किती' सुधारलं, 'स्थिती' बिघडली. वेलांटी अर्ध्या स वर जाऊन बसली, तिला थ ओलांडून जायचं होतं. म्हणजे नियम असा: वेलांटीपुढे जेवढी अर्धी अक्षरं येतील ती सगळी आणि त्यानंतरचं पूर्ण अक्षर ओलांडायचं. रफाराचं नेमकं उलट. तो जुन्या मजकुरात अक्षराच्या नंतर येतो आणि त्याला मागे न्यायचा असतो. 'सूर्य'मध्ये एक अक्षर मागे, पण 'कार्ये'मध्ये वाटेत मात्रा आहे, तिलाही ओलांडून. वेलांटीचं काम आधी करायचं आणि रफाराचं नंतर, नाहीतर दोघं एकमेकांच्या वाटेत येतात. 'आर्थिक', 'कीर्ती', 'मूर्तींना' हे शब्द त्यामुळे यादीत आले. या कामात मला सर्वांत मदत झाली ती गिटच्या शब्दागणिक फरक दाखवण्याची. नियम बदलला की कोणते शब्द बदलले तेवढेच रंगात दिसायचे. अख्खी स्मरणिका पुन्हा वाचायची गरज नाही.

ते काम करताना ट्रस्टचे एक वयस्क काका शेजारी येऊन बसायचे. संगणकाचं त्यांना काही कळत नव्हतं. पण 'अभंग'च्या जागी 'अंभग' झालेलं त्यांना लांबून दिसायचं.

गावांची नावं हा यादीतला सगळ्यात जाड भाग. लामजना, मातोळा, भादा, आलमला, बेलकुंड, नागरसोगा, उजनी. उजनी म्हटलं की बाहेरच्या माणसाला सोलापूरचं धरण आठवतं, आमच्या तालुक्यातही एक उजनी आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीकडची गावं नव्या जागी वसली, त्यामुळे जुनं आणि नवं असे दोन पत्ते लोकांच्या तोंडी. शेजारच्या उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा ज्यांनी जिल्ह्याचं नाव हीच ओळख धरून नोंदी जोडल्या होत्या त्यांची पळापळ झाली. जुन्या नोंदी उस्मानाबादच्या, नव्या धाराशिवच्या, बेरीज दोन जिल्ह्यांत वाटली गेलेली. सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला एक क्रमांक आहे. नोंद त्या क्रमांकाला बांधायची आणि नाव फक्त दाखवायला वापरायचं. मग नाव कितीदाही बदलो.

माणसांना मात्र असा क्रमांक आडतीत चालत नाही. आधार मागायचा तर कशासाठी, हा शेतकऱ्याचा प्रश्न बरोबर आहे, आणि ते साठवून ठेवायची जोखीम मी कुठल्या दुकानदाराला घ्यायला सांगणार नाही. मोबाइल नंबर हीच ओळख धरावी, असं सगळी पुस्तकं सांगतात. इथं एक नंबर तीन भावांत चालतो, नाहीतर तो पुण्याला कामाला असलेल्या पोराचा असतो. नावावर जावं तर एकाच माणसाचं नाव वहीत सय्यद, पासबुकावर सैयद, आणि इंग्रजीत तिसऱ्याच स्पेलिंगनं. दोन्ही सय्यद यादीत आहेत; मी त्यांना एक करायचा नियम लिहीत नाही, कारण खरोखर दोन वेगळी माणसंही असू शकतात.

यावर मुनीमजी काय करतात ते मी शेवटी त्यांच्या वहीत पाहिलं. नावापुढच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं असतं. 'मळ्यातला.' 'पाटलाच्या विहिरीजवळ.' 'लामजना, मोठी मिशी.' मी फॉर्ममध्ये 'खूण' नावाची एक चौकट वाढवली, कसलीही अट नसलेली, शेतकऱ्याच्या पट्टीवर न छापली जाणारी. मालकांच्या मुलाला ती फालतू वाटली. सर्व्हरवरच्या नोंदी पाहिल्या तर आता सर्वांत जास्त शोध त्याच चौकटीतून होतो, आणि मुनीमजींची मागणी आहे की फोनवर बोलून ती भरता आली पाहिजे. बोललेलं मराठी लिहून देणारी साधनं आहेत, ती मी सध्या तपासतोय. 'मोठी मिशी' त्यांना जमतं. 'लामजना' दर वेळी वेगळं लिहून येतं.